पहिला फ्लेक्स स्वतः करा: इंकस्केपवर मराठी डिझाइनची सुरुवात

"ग्राफिक्स शिकायचंय, कोणता क्लास लावू?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "तुमच्या गल्लीत पुढचा कार्यक्रम कोणता आहे?" सॉफ्टवेअर शिकायचं म्हणून सॉफ्टवेअर उघडून बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो. बटनं शंभर असतात आणि त्यातली नव्वद का आहेत हेच कळत नाही. तेच परवाच्या रविवारी रक्तदान शिबिर आहे आणि फ्लेक्स आपल्या गळ्यात पडलाय म्हटल्यावर लागतील तेवढीच दहा बटनं आपोआप हाताखाली येतात.

म्हणून या लेखात एकच काम करायचं: रक्तदान शिबिराचा सहा फूट रुंद, तीन फूट उंच फ्लेक्स. तोही इंकस्केपवर, म्हणजे फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअरवर. मी स्वतः डीटीपीच्या दुकानात कोरलड्रॉ या विकतच्या सॉफ्टवेअरवर वाढलो, त्यामुळे कोरलला नावं ठेवणार नाही. पण नवशिक्याने पहिल्याच दिवशी कुठून तरी क्रॅक केलेली प्रत आणायची आणि तिच्यासोबत व्हायरस घरात घ्यायचा, हे मला पटत नाही.

आधी एकच फरक समजून घ्या

संगणकावरची चित्रं दोन जातींची असतात. पहिली जात म्हणजे मॅटीच्या कापडावरचं क्रॉस स्टिच. प्रत्येक चौकोनात एका रंगाचा टाका, असे हजारो टाके मिळून मोर दिसतो. त्या टाक्याला इथे पिक्सेल म्हणतात. फोटो असाच बनलेला असतो. तोच मोर दुप्पट मोठा करायला गेलात तर टाकेच मोठे होतात, आणि मग लोक म्हणतात, "फोटो फाटला."

दुसरी जात म्हणजे शिवणक्लासातलं ड्राफ्टिंग. कागदावर बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि गळ्याची गोलाई. माप बदललं की ड्राफ्ट नव्या मापाने पुन्हा आखता येतो, गोलाई तशीच गुळगुळीत राहते. याला व्हेक्टर म्हणतात. बोधचिन्ह, अक्षरं, नकाशा, लग्नपत्रिकेची किनार ही सगळी या जातीत करायची.

फोटोशॉप आणि गिम्प पहिल्या जातीसाठी आहेत. इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ आणि इंकस्केप दुसऱ्या जातीसाठी. फोटोशॉपमध्ये अख्खा फ्लेक्स करणारे पुष्कळ भेटतील आणि तसा तो होतोही, पण अक्षरांच्या कडा टाक्यांच्या होतात आणि फाइल इतकी जड होते की पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात जावं लागतं.

हा फरक सॉफ्टवेअरच्या जन्मातूनच आलाय. फोटोशॉपची सुरुवात १९८७ च्या सुमारास झाली. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोलला आपल्या काळ्या-पांढऱ्या मॅकच्या पडद्यावर करड्या छटांचे फोटो दाखवायचे होते, त्यासाठी त्याने छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्टच्या कामात होता, त्याने त्यात रस घेतला आणि १९९० मध्ये ॲडोबी कंपनीने तो बाजारात आणला. म्हणजे फोटो हेच त्याचं मूळ. उलट ॲडोबीचाच इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आला तो रेषा आणि अक्षरं आखण्यासाठी. कोरलड्रॉ १९८९ मध्ये कॅनडातल्या ओटावाहून आलं, विंडोजवर चाललं, आणि आपल्याकडच्या छपाईच्या धंद्यात असं रुजलं की आजही दुकानदार "सीडीआर आहे का?" म्हणजे कोरलची फाइल आहे का, असंच विचारतो.

पहिली पायरी: उतरवून घ्या, कागद आखा

इंकस्केप डॉट ऑर्ग या अधिकृत ठिकाणावरूनच उतरवा. शोधयादीत वरती येणाऱ्या जाहिरातींवर बोट ठेवू नका. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

उघडल्यावर कोरा कागद दिसेल. कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकत्र दाबा. 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज' उघडेल. एकक इंच निवडा, रुंदी ७२, उंची ३६ टाका. सहा बाय तीन फूट झालं. फार मोठं होर्डिंग असेल तर काही जण एका फुटाला एक इंच धरून आखतात. तुमच्या दुकानात काय पद्धत आहे ते आधी फोन करून विचारा, नंतर नको. त्याच फोनवर अजून दोन गोष्टी विचारून घ्या: फाइल कोणत्या प्रकारात हवी आणि आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कड्या मारणार की कडा दुमडून काठीसाठी पॉकेट करणार. आयलेट कडेपासून इंचभर आत येतात. चारही बाजूंनी किमान दोन इंच पट्टी अक्षरांशिवाय मोकळी सोडा. अध्यक्षांच्या नावातून भोक गेलं तर शिबिराआधीच रक्त सांडेल.

आता लगेच फाइल जतन करा. इंकस्केपची स्वतःची फाइल एसव्हीजी प्रकारची असते. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने २००१ मध्ये ठरवलेलं हे खुलं मानक आहे, त्यामुळे ही फाइल ब्राउझरमध्येही उघडते. गंमत म्हणून ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. आत सगळा मजकूर वाचता येईल, आणि मध्येच 'सोडीपोडी' असा एक विचित्र शब्द भेटेल. इंकस्केप २००३ मध्ये सोडीपोडी नावाच्या सॉफ्टवेअरमधून फुटून निघालं. चार जण वेगळे झाले, त्यांनी नवीन घर मांडलं, पण जुन्या घराचं नाव फाइलीत अजून तसंच आहे. सासरी गेलेल्या मुलीच्या भांड्यांवर माहेरचं नाव कोरलेलं असतं तसं.

दुसरी पायरी: मराठी नीट उमटतंय का ते तपासा

बहुतेक इंग्रजी व्हिडिओंमध्ये ही पायरी नसते आणि आपली माणसं अडकतात ती इथेच. म्हणून जरा थांबून सांगतो.

आपल्याकडच्या दुकानांत वर्षानुवर्षं मराठी जुळणी झाली ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर. त्या जुन्या फॉण्टांत संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, वरून फक्त मराठी आकार चढवलेला असतो. त्यामुळे तो मजकूर कॉपी करून इंकस्केपमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर बिघडलेला नसतो, वेगळ्या संकेतात असतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या सामाईक संकेतात बदलणारे परिवर्तक मिळतात. पण फ्लेक्सवर असतात तेवढ्या आठ-दहा ओळी सरळ पुन्हा टाइप केलेल्या बऱ्या.

टाइप करायला विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आहेच, आणि विंडोज १० मध्ये 'मराठी फोनेटिक'ही आला. इंग्रजी स्पेलिंगवरून लिहायची सवय असेल तर तो घ्या.

आता फॉण्ट. गूगल फॉण्ट्सवर फुकट मिळणाऱ्यांपैकी मथळ्याला मुंबईच्या 'एक टाइप' या फॉण्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' किंवा 'बालू' घ्या. दोन्हींत जाड वजनं आहेत. अगदी गुबगुबीत अक्षर हवं असेल तर त्यांचाच 'मोदक' आहे, पण रक्तदानाला तो शोभत नाही, बालवाडीच्या गॅदरिंगला ठेवा. बारीक मजकुराला 'टिरो देवनागरी मराठी' चांगला. त्याच्या नावातच मराठी आहे ते उगाच नाही. मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हिंदीपेक्षा वेगळे, आणि राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयातही हीच रूपं मराठीची म्हणून दिली होती. काही फॉण्टांत ही वळणं आत दडलेली असतात आणि सॉफ्टवेअरला भाषा 'मराठी' आहे हे सांगितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. नवशिक्याने त्या भानगडीत न पडता मुळातच मराठी वळणाचा फॉण्ट घ्यावा.

फॉण्टची झिप फाइल उलगडा, फाइलवर उजवी टिचकी मारून 'इन्स्टॉल' करा आणि इंकस्केप बंद करून पुन्हा उघडा. मग 'टी' दाबा, कागदावर टिचकी मारा आणि ही ओळ लिहा:

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर लिंबं, कुऱ्हाड आणि ॲल्युमिनियमची किटली.

वाक्य वेडगळ आहे पण कामाचं आहे. 'लिंबं'मधली पहिली वेलांटी ल च्या आधी बसली का? 'दुसऱ्या'तला र डोळ्याच्या पापणीसारखा आडवा दिसतोय का, की य च्या डोक्यावर रफार चढलाय? 'कुऱ्हाड' धड आहे का? ॲ तुटून अ आणि चंद्र वेगळे तर नाही झाले? हे सगळं जमलं तर तो फॉण्ट तुमच्या घरचा. पापणीचा र उमटत नसेल तर चूक बहुधा टायपिंगची असते. इनस्क्रिप्टवर आधी नुक्त्याचा ऱ, म्हणजे शिफ्ट आणि जे, मग डी, मग स्लॅश.

इंकस्केपमध्ये ही जोडाक्षरं नीट बसवण्याचं काम 'हर्फबझ' नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर करतं. नाव फारसी आहे, अर्थ 'उघडं अक्षर'. आपल्या बोलण्यातला हरफ तोच. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत मराठी फुटत असेल तर तिथल्या पसंतींमध्ये जाऊन टाइपखाली 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' हा पर्याय निवडावा लागतो. कित्येकांना हे वर्षानुवर्षं माहीत नसतं आणि ते 'शिबिर' शब्दाच्या वेलांट्या हाताने उचलून ठेवत बसतात.

तिसरी पायरी: थेंब काढा

आता रक्ताचा थेंब. नेटवरून उचलू नका. दहा मिनिटांत स्वतः काढाल, आणि या दहा मिनिटांत व्हेक्टर म्हणजे काय ते हाताला कळेल.

'ई' दाबा आणि कंट्रोल धरून ओढा, वर्तुळ येईल. खालच्या रंगपट्टीतल्या लाल रंगावर टिचकी मारा. आता कंट्रोल, शिफ्ट आणि सी. वर्तुळाचं आता 'पाथ'मध्ये रूपांतर झालं, म्हणजे त्याचे बिंदू सुटे करता येतील. 'एन' दाबा. चार बाजूंना चार बिंदू दिसतील. वरचा बिंदू निवडा, कंट्रोल धरून सरळ वर ओढा. आकार अंड्यासारखा होईल. तो बिंदू निवडलेला असतानाच शिफ्ट आणि सी दाबा, म्हणजे तो टोकदार व्हायला मोकळा होतो. त्याच्या दोन बाजूंना दोन दांड्या निघालेल्या दिसतील. कंट्रोल धरून प्रत्येक दांडीच्या टोकावर टिचकी मारा. दांड्या आत जातील आणि वर टोक येईल. थेंब तयार. फुगीरपणा आवडला नाही तर बाजूच्या बिंदूंच्या दांड्या ओढून बघा.

या दांड्या म्हणजे सगळ्या व्हेक्टर सॉफ्टवेअरचा जीव. त्या चित्रकारांनी नव्हे, मोटारी बनवणाऱ्यांनी शोधल्या. मोटारीच्या पत्र्याची वळणं कारखान्यात तंतोतंत कशी सांगायची हा प्रश्न होता. फ्रान्समध्ये सिट्रोएनच्या पॉल द कास्तेल्झोने १९५९ मध्येच गणित मांडलं, पण कंपनीने ते गुप्त ठेवलं. रेनोच्या पिएर बेझिएने पुढे तीच गोष्ट स्वतंत्रपणे केली आणि जगजाहीर केली, म्हणून नाव बेझिएचं लागलं. आज श्रावणात छापला जाणारा नागोबा आणि कारची बॉनेट एकाच गणिताने वळतात.

दांड्यांचा हात बसायला आठवडा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी त्या अंगावर येतात. बिंदू कमीत कमी ठेवा. नवशिक्याची रेष ओळखू येते ती बिंदूंच्या गर्दीवरून: जिथे दोन पुरतात तिथे सतरा, आणि म्हणून वळण खडबडीत.

थेंबांची रांग हवी असेल तर कंट्रोल आणि डी ने प्रती काढता येतात. पण त्याहून बरा उपाय म्हणजे ऑल्ट आणि डी. ही प्रत नुसती नक्कल नसते, मूळ थेंबाला बांधलेली असते. इंकस्केप तिला 'क्लोन' म्हणतं. मूळ थेंबाचा आकार बदलला की सगळे थेंब बदलतात. ही कल्पना या क्षेत्रातल्या पहिल्या प्रोग्रॅमांइतकी जुनी आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलंडने पीएचडीसाठी 'स्केचपॅड' लिहिलं. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेष काढायची आणि एका मूळ आकृतीच्या हव्या तेवढ्या प्रती वापरायच्या, मूळ बदललं की प्रती बदलतात. तेव्हा माउस कुणाच्या टेबलावर नव्हता.

चौथी पायरी: मजकूर मांडा

इथे सॉफ्टवेअर कमी आणि डोकं जास्त लागतं. मंडळाकडून मजकूर येतो, दुकानांत त्याला मॅटर म्हणतात. त्यात तीस नावं, सहा फोटो, दोन सुभाषितं असतात आणि शिबिराची वेळ राहिलेली असते. रस्त्यावरून स्कूटरवर जाणाऱ्या माणसाला तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: काय, कधी, कुठे. बाकीचं थांबणाऱ्यासाठी.

फलक रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: दर दहा फूट अंतराला अक्षराची उंची एक इंच. तीस फुटांवरून वाचायचं तर तीन इंच. देवनागरीत मी याहून थोडं मोठं ठेवतो, कारण वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरांचे तपशील बारीक असतात, लांबून ते आधी पुसले जातात. म्हणजे छत्तीस इंच उंचीच्या फ्लेक्सवर 'रक्तदान शिबिर' हे दोनच शब्द सात-आठ इंच उंच, तारीख-वेळ चार इंच, ठिकाण तीन. आयोजकांच्या नावांना उरलेली जागा. वाद होईल. तो तुम्ही सोडवायचा नाही, अध्यक्षांकडे पाठवायचा.

मराठी मजकुराचे तीन दोष मला नवशिक्यांच्या जवळजवळ प्रत्येक फ्लेक्सवर दिसतात.

इंग्रजी मथळे बघून अक्षरांत अंतर वाढवलेलं असतं. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना ते शोभतं. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. शब्द मोठा दिसायला हवा असेल तर अक्षर मोठं करा, अंतर शून्यावरच ठेवा.

ओळी इतक्या जवळ असतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. सॉफ्टवेअरचं ओळींतलं मूळ अंतर इंग्रजीच्या अंदाजाने ठेवलेलं असतं. देवनागरीला दीडपट द्या आणि डोळ्यांनी ठरवा.

अक्षरांना जाड पांढरी किनार दिली की शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर उभी पांढरी रेघ दिसते. अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात आणि किनार प्रत्येकाला वेगळी लागते, म्हणून. अशा वेळी शब्दाची एक प्रत बाजूला ठेवा, दुसऱ्या प्रतीला कंट्रोल, शिफ्ट, सी ने पाथ करा आणि 'पाथ' मेनूतल्या 'युनियन'ने सगळे तुकडे एक करा. किनार आता शब्दाभोवतीच फिरेल.

पाचवी पायरी: फोटो

फोटो बसवायचाच असेल तर गणित करा. सहा बाय तीन फुटांच्या फ्लेक्सला इंचाला ७२ पिक्सेल असले तर भागतं. पूर्ण फ्लेक्सभर फोटो पसरायचा तर रुंदीत ७२ गुणिले ७२, म्हणजे ५१८४ पिक्सेल हवेत. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा मूळ फोटो ४००० बाय ३००० असतो, लांबून बघायला तो चालून जाईल. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आला की साधारण १६०० पिक्सेलचा होतो. दोन फूट रुंदीत तो निभावतो, सहा फुटांत फाटतो. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. कुणाच्या डीपीवरून काढलेलं मंडळाचं बोधचिन्ह मात्र कोणत्याच मापात चालणार नाही, ते थेंबासारखं पुन्हा आखा.

उजेड कमी-जास्त करणं, मागचा भाग काढणं ही टाक्यांची कामं. ती गिम्पमध्ये करा. बर्कलीच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं, आणि त्यातल्या खिडक्या-बटनांसाठी बनवलेला जीटीके हा संच पुढे इतका मोठा झाला की इंकस्केपही आज त्याच्यावरच उभं आहे. गिम्पमध्ये नवशिके हमखास फसतात ते एका ठिकाणी: 'सेव्ह' केलं की ते फक्त स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात जतन करतं. जेपीजी किंवा पीएनजी हवं तर 'एक्स्पोर्ट'.

तयार फोटो इंकस्केपमध्ये कंट्रोल आणि आयने आणा. ते विचारेल, 'एम्बेड' की 'लिंक'? एम्बेड म्हणा. लिंक केलात तर फाइलीत फोटो नसतो, फोटोचा फक्त पत्ता असतो, आणि दुकानातल्या संगणकावर त्या पत्त्यावर कुणी राहत नाही. गोल चौकटीत फोटो हवा असेल तर त्यावर वर्तुळ काढा, दोन्ही निवडा आणि 'ऑब्जेक्ट' मेनूतून 'क्लिप' लावा.

सहावी पायरी: रंग

पडदा लाल, हिरव्या, निळ्या उजेडाने रंग दाखवतो. छपाई होते निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईने. पडद्यावर चमकणारा पोपटी आणि गडद विजेसारखा निळा शाईत तसा उतरत नाही, मलूल होतो. इंकस्केप छपाईचे चार रंग स्वतः पूर्णपणे हाताळत नाही. फ्लेक्सचं यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर ते बदलून घेतं, त्यामुळे फ्लेक्सला फारसं अडत नाही. लाल-पांढऱ्या डिझाइनला तर नाहीच. पुस्तिका किंवा मासिक छापायचं असेल तेव्हा मात्र शेवटचं काम स्क्रायबस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करा, तिथे चार रंगांची पीडीएफ नीट निघते.

सातवी पायरी: कर्व्ह करा आणि पाठवा

दुकानदार म्हणेल, "कर्व्ह करून पाठवा." म्हणजे अक्षरांचं अक्षरपण काढून त्यांच्या नुसत्या आकृत्या करा, मग तुमचा फॉण्ट त्याच्याकडे नसला तरी बिघडत नाही. इंकस्केपमध्ये 'सेव्ह ॲज' करताना पीडीएफ निवडा. पुढच्या खिडकीत 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू पाथ्स' निवडा. पीडीएफमध्ये रेषा रेषाच राहतात, कारण तिच्या मुळाशी ॲडोबीची १९८४ ची पोस्टस्क्रिप्ट आहे. कोणत्याही छपाईयंत्राला पान कसं काढायचं हे सांगण्यासाठीच ती भाषा जन्माला आली होती. धूसर सावल्यांसारखे इफेक्ट दिले असतील तर तेवढे भाग टाक्यांचे होतात, म्हणून सावल्या जपून वापरा.

पीडीएफ स्वतः मोबाइलवर उघडा. संगणकावर तेच ते बघून डोळा मेलेला असतो, मोबाइलवर चुका दिसतात. मग शुद्धलेखनासाठी अशा माणसाला दाखवा ज्याने हे डिझाइन आधी बघितलेलं नाही. तारीख आणि वार जुळतात का ते कॅलेंडर काढून बघा. फाइलला 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' अशी नावं देऊ नका. 'रक्तदान-सहा-बाय-तीन-फूट' असं माप नावातच लिहा, दुकानात दिवसाला पन्नास फाइली येतात.

हे जमल्यावर

हाताने चित्रं रंगवायची असतील तर क्रिता. त्रिमितीय, म्हणजे देखाव्याचं मॉडेल, घराचा आराखडा किंवा ॲनिमेशन करायचं असेल तर ब्लेंडर. ब्लेंडरची गोष्ट आपल्या वर्गणीवाल्यांना आवडेल. नेदरलँड्समधल्या टोन रोझेंडालची कंपनी बुडाली, गुंतवणूकदार सॉफ्टवेअर मोकळं करायला एक लाख युरो मागत होते, आणि २००२ मध्ये वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत वर्गणी काढून ते सोडवून घेतलं. त्याच ब्लेंडरवर लाटव्हियात बनलेल्या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. पण दांड्यांचा हात बसेपर्यंत तिकडे जाऊ नका.

एक काम आजच करा. दुकानाला दिलेली पीडीएफ आणि मूळ एसव्हीजी या दोन वेगळ्या फाइली म्हणून जपा, आणि एसव्हीजीतली अक्षरं अक्षरंच राहू द्या. माझ्या पहिल्या वर्षी मी एकुलत्या एका फाइलीतच सगळं कर्व्ह करून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी मंडळाने म्हटलं, "तोच फ्लेक्स, फक्त तारीख बदला," आणि फॉण्ट कोणता वापरला होता हेही मला आठवेना. त्या रात्री साडेबारापर्यंत 'रविवार'मधला र शोधत बसलो होतो. फाइलीच्या एका कोपऱ्यात, कागदाच्या बाहेर, वापरलेल्या फॉण्टांची नावं टाइप करून ठेवा. छापली जात नाहीत, पण पुढच्या वर्षी सापडतात.